बांगाई कार्डिनलची पिल्लं पंधरवड्यानंतर पटापट मरतात? आधी तारीख सांगा

“काल संध्याकाळपर्यंत छान खात होती हो. सकाळी टँकचा लाइट लावला आणि डोळ्यांदेखत गरगर फिरून तळाला गेली.” बांगाई कार्डिनल या समुद्री माशाची पिल्लं वाढवायला घेतलेल्या बहुतेकांचं गाऱ्हाणं हेच असतं. पुढचं वाक्यही ठरलेलं: “पाणी तपासलं, सगळं ओके आहे.” तोवर दुकानातून औषधाची एखादी निळी किंवा हिरवी बाटली आणून दोन ढाकणं टँकमध्ये ओतूनही झालेली असतात.

अशा वेळी मी एवढंच विचारते: नराने तोंडातून पिल्लं सोडली कधी आणि मरायला लागली कधी? या माशाच्या बाबतीत मधल्या दिवसांचा हिशेब लागला की निम्मं निदान झालं. दोन-तीन दिवसांत गेली तर दोष पाण्याचा किंवा खाणं तोंडापर्यंत न पोहोचल्याचा. दहाव्या दिवसानंतर, अंगाने भरलेली, खाती-पिती पिल्लं लाइट लावताच कोसळली तर दोष खाण्याच्या प्रतीचा. सोडण्याआधीच गेली, म्हणजे नराने अंडीच गिळली, तर दोष बहुधा आपल्या घाईचा नाहीतर उन्हाळ्याचा. तिन्हींना एकच बाटली चालत नाही. खरं तर यातल्या एकालाही बाटली लागत नाही.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. इंडोनेशियातल्या सुलावेसीजवळच्या बांगाई बेटांभोवतीचा हा मासा. शास्त्रीय नाव टेरापोगॉन कॉडर्नी, शास्त्रात नोंद 1933 ची. शौकिनांनी समुद्रातून इतका उपसला की 2007 मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या लाल यादीत तो संकटग्रस्त म्हणून गेला. मादी अडीच-तीन मिलिमीटरची टपोरी अंडी घालते, नर ती तोंडात घेतो आणि साधारण महिनाभर काहीही न खाता सांभाळतो. अंडी विसाव्या दिवसाच्या आसपास फुटली तरी पिल्लं आणखी आठ-दहा दिवस तोंडातच राहतात आणि बाहेर येतात ती थेट आईबापांच्या छोट्या प्रतिकृती होऊनच. क्लाउनफिशसारखी डोळ्याला न दिसणारी अळीची अवस्था नाही, रोटिफर नावाच्या सूक्ष्म जिवांची शेती नाही. पहिल्याच दिवशी आर्टेमियाचं, म्हणजे बेबी ब्राइन श्रिंपचं, पिल्लू गिळण्याएवढं तोंड असतं. म्हणून समुद्रापासून इतक्या लांब, घाटावरच्या नाशिकमध्ये बसूनही हा मासा घरी वाढवता येतो. आणि म्हणूनच लोक गाफील राहतात. सगळं सोपं चाललेलं असताना पंधराव्या दिवशी दणका बसतो.

दहाव्या दिवसानंतर, लाइट लावताच

लक्षणं नीट बघा. पिल्लाचं पोट नारिंगी, म्हणजे आर्टेमियाने भरलेलं आहे. अंगावर डाग नाही, बुरशी नाही, कल्ले शांत. मग अचानक प्रकाश पडतो, दार आपटतं किंवा तुम्ही काचेवर हात टेकता. पिल्लू झटका आल्यासारखं वेडंवाकडं पळतं, स्वतःभोवती गिरक्या घेतं आणि तोंड वासून कुशीवर पडतं. काही मिनिटांनी त्यातली काही उठतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि उठणारी आणखी कमी. इंग्रजी पुस्तकांत याला सडन फ्राइट सिंड्रोम म्हणतात. भीती हे निमित्त आहे, कारण नव्हे.

कारण असं. समुद्री माशांच्या पिल्लांना मेंदू, मज्जासंस्था आणि डोळ्याचा पडदा घडवायला डीएचए नावाचं ओमेगा-3 जातीचं स्निग्धाम्ल लागतं. गोड्या पाण्यातले बरेच मासे ते थोडंफार स्वतः बनवू शकतात, समुद्री मासे जवळजवळ नाहीच. समुद्रात ते कोपेपॉडसारख्या बारीक जिवांतून मिळतं. आणि आपण देतो तो आर्टेमिया मिठागरातला, त्यात डीएचए नावापुरतं. अंड्यातल्या बलकाची शिदोरी आठवडाभर पुरते, म्हणून पहिले दिवस झकास जातात. शिदोरी संपली की पिल्लू वरून गुटगुटीत दिसतं आणि आतून दिवाळखोर असतं.

तेव्हा आर्टेमिया जास्त देऊन हे थांबत नाही. आर्टेमियाच्या पोटात आधी डीएचए भरून मग तो द्यावा लागतो. इथे बहुतेकांची गल्लत होते ती वेळेची. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या आर्टेमियाला तोंड उघडलेलं नसतं. त्या पाण्यात तुम्ही कितीही महाग इमल्शन, म्हणजे डीएचए असलेल्या तेलाचं दुधाळ मिश्रण, ओता, तो खाणारच नाही. कोमट पाण्यात सुमारे आठ तासांनी त्याची पहिली कात पडते, तोंड उघडतं, मग तो समोर येईल ते गाळून खातो. पुढचे बारा ते चोवीस तास त्याला इमल्शनमध्ये ठेवायचं आणि मगच पिल्लांना द्यायचं.

म्हणून आर्टेमियाची अंडी उबवायला एक बाटली पुरत नाही. पाण्याच्या लिटरच्या दोन बाटल्या बूड कापून उलट्या टांगा, तिसरा एक रुंद तोंडाचा जार घ्या. आज पहिल्या बाटलीत अंडी टाकली की उद्या दुसरीत टाकायची. पहिलीतला माल उद्या जारमध्ये जातो, तिथे इमल्शन मिळतं, परवा पिल्लांच्या पोटात. हे चक्र रोज फिरलं पाहिजे, एक दिवस चुकला तर एक दिवस उपास किंवा निकस जेवण. नर तोंड भरून बसला की लगेच रंगीत तालीम सुरू करावी. हाताशी महिना असतो.

इमल्शन कोणतं? सेल्कॉनसारखी तयार बाटली मिळाली तर उत्तम. नाहीच मिळाली तर कॉड लिव्हर ऑइलची कॅप्सूल टाचणीने फोडा, तेल चिमूटभर कच्च्या अंड्याच्या बलकात आणि अर्धा कप कोमट पाण्यात टाकून मिक्सरच्या लहान भांड्यात फिरवा, दुधासारखं झालं पाहिजे. बलक नसला तर तेल वर तरंगतं आणि आर्टेमियाला काही मिळत नाही. घरात अंडं चालत नसेल तर तयार बाटलीच घ्या, त्यावरून सासूबाईंशी वाद घालण्यात अर्थ नाही. जारमध्ये दर लिटरला काही थेंबच घालायचे, पाणी जेमतेम धुरकट दिसेल इतके. जास्त घातलं तर फेस येतो, पाणी कुजतं आणि सकाळी जारच्या तळाशी गुलाबी थर मिळतो: मेलेला आर्टेमिया. हवा जोरात चालू ठेवा आणि जार लाइटखाली, सगळ्यांना दिसेल असा ठेवा. आडोशाला ठेवलेला जार हमखास विसरला जातो.

द्यायच्या आधी गाळून गोड्या पाण्याखाली धुवायचं, नाहीतर तेलकट तवंग नर्सरीत, म्हणजे पिल्लांच्या टँकमध्ये, जाणार. गाळायला चहाची गाळणी चालत नाही, सगळं निसटतं. स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे जाळीच्या कापडाचे उरलेले तुकडे असतात, ते मागा. त्यातलं बारीक, साधारण 120 मायक्रॉनचं घ्या आणि कापलेल्या पीव्हीसी पाइपला रबराने ताणून बांधा. वर्षानुवर्षं टिकतं.

आणखी एक खाचखळगा. भरलेला आर्टेमिया नर्सरीत तास न् तास पोहत राहिला तर पोटातलं डीएचए स्वतःच वापरून टाकतो. सकाळी भरभरून ओतलं आणि पिल्लांनी ते दिवसभर टिपलं, तर संध्याकाळच्या घासात तसा काही दम उरत नाही. म्हणून थोडं थोडं, तीन-चार वेळा द्या. उरलेला माल पसरट डब्यात पातळ थर करून फ्रिजमध्ये ठेवा. थंडीत तो जवळजवळ थिजतो आणि साठा खर्च करत नाही. एका दिवसापुरतंच हं, आणि डबा झाकणावर नाव लिहून. आमच्याकडे तो एकदा ताकात जाता जाता राहिला आहे.

कोसळलेली पिल्लं समोर असताना काय करायचं? लाइट बंद. जाळी घालून उचलायला जाऊ नका, त्याने उरलेलीही घाबरतात. अर्ध्या तासाने जी उठतील ती उठतील. त्याच दिवसापासून भरलेला आर्टेमिया सुरू करा. मर एका रात्रीत थांबणार नाही, चार-पाच दिवसांत उतार दिसतो. तोपर्यंत सकाळी आधी खोलीचा दिवा, मग काही वेळाने टँकचा. रात्रीही उलट क्रमाने. नर्सरीच्या तीन बाजूंना काळा कागद लावा. हा टेकू आहे, इलाज नव्हे, पण टेकूने जीव वाचतात.

आडोसाही लागतो. समुद्रात ही पिल्लं डायडेमा जातीच्या लांब काट्यांच्या समुद्रसाळिंदरामध्ये दडतात. ते पाळण्याच्या भानगडीत न पडता पीव्हीसीच्या गोल टोपणाला दाटीवाटीने भोकं पाडा आणि त्यांत काळे केबल टाय आतून बाहेर खेचून बसवा. टोपणात आत एक दगड. पहिल्याच तासात पिल्लं त्या काट्यांत उभी राहिलेली दिसतील, सगळ्यांची तोंडं एका दिशेला. त्यांची बिथरण्याची सवय यानेच निम्मी जाते.

पहिल्या तीन-चार दिवसांत

इथे पोट बघा. पोट रिकामं, खपाटीला गेलेलं असेल तर खाणं मिळत नाही. आर्टेमिया प्रकाशाकडे धावतो. कोपऱ्यात लाइट आणि पिल्लं दुसऱ्या टोकाच्या काट्यांत, असं असेल तर जेवण एकीकडे आणि पंगत दुसरीकडे. लाइट काट्यांच्या वर आणा. पोट भरलेलं पण फुगून तपकिरी दिसतंय, तर आर्टेमियाच्या अंड्यांची टरफलं पोटात गेली असण्याची शक्यता धरा. ती पचत नाहीत, आतडं तुंबतं. उबवण्याच्या बाटलीतली हवा बंद करून दहा मिनिटं थांबा, टरफलं वर तरंगतात, जिवंत माल खाली प्रकाशाकडे जमतो, तो नळीने काढा.

पोट बरोबर आणि तरी मर असेल, तर नर्सरी नवी आहे का ते सांगा. कोरं मीठ, कोरं पाणी, कोरा स्पंज फिल्टर: असा टँक अमोनिया पचवू शकत नाही, आणि समुद्री पाण्याच्या 8.2 च्या आसपासच्या पीएचला तोच अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त जहाल. नर तोंड भरून बसला त्या दिवशीच एक जास्तीचा स्पंज मोठ्या टँकच्या सम्पमध्ये, म्हणजे फिल्टरच्या टाकीत, टाकून ठेवा. महिन्याने तो मुरलेला असतो. नर्सरीतलं पाणीही मोठ्या टँकचंच भरा.

आर्टेमियाच निघत नाही ही तक्रार नाशिकमध्ये दोनदा येते, डिसेंबर-जानेवारीत आणि पावसाळ्यात. हिवाळ्यात निफाडकडे द्राक्षवाले पहाटे शेकोट्या पेटवतात त्या दिवसांत आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्यावरची बाटली रात्री पार गार होते. अंड्यांना 26 ते 28 अंश लागतात. बाटली हीटर लावलेल्या बादलीत उभी करा. पावसाळ्यात दोष डब्याचा. उघडा डबा दमट हवा ओढतो आणि अंडी मरतात. हवाबंद बरणीत सिलिका जेलची पुडी टाकून फ्रिजमध्ये ठेवा. उबवण्याच्या पाण्याला महागडं मरीन सॉल्ट लागत नाही, लिटरला 25 ते 30 ग्रॅम खडे मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा पुरतो. नळाचं पाणी मात्र क्लोरीन उडून गेलेलंच घ्या.

काचेवर पांढरी, केसाळ, आखडणारी सूक्ष्म झुडपं दिसली तर ते हायड्रॉइड. आर्टेमियावर तेही पोसले जातात आणि पिल्लांना डंख करतात. पिल्लं दुसऱ्या भांड्यात हलवा, नर्सरी रिकामी करून कडकडीत उन्हात वाळवा. पिल्लं जाळीने नाही, मगाने पाण्यासकट उचलायची.

नर अंडी गिळतो

पहिलटकर नराने पहिली एक-दोन खेपा गिळली तर काळजी करू नका. शिकतो. तेव्हा त्याला वेगळा काढणं, टँकभोवती गर्दी करणं, मोबाइलचा टॉर्च मारून व्हिडिओ काढणं, यातलं काहीही करू नये. नर तोंड भरून बसला की हनुवटी खाली लोंबते, खाणं समोरून गेलं तरी बघत नाही आणि मधूनमधून तोंड उघडून अंडी घोळवतो. दोन-अडीच आठवड्यांनी त्या जांभईत अंड्यांऐवजी चंदेरी डोळेच डोळे दिसतात. तोवर हात लावू नका. त्यानंतर हवं तर, रात्री मंद उजेडात, मगानेच, त्याच टँकमधल्या जाळीच्या पेटीत हलवा. पाणी तेच राहिलं पाहिजे. मोठ्या टँकमध्ये पिल्लं सुटली तर सकाळी गणतीला फारशी उरत नाहीत.

अनुभवी नर गिळायला लागला तर तो उपाशी आहे. महिनाभराचा उपास सोडतो न सोडतो तोच मादी पुन्हा मागे लागते. मादीला तीन आठवडे वेगळी ठेवा आणि नराला चारा घाला. फ्रोझन मायसिस, म्हणजे गोठवलेले कोळंबीसारखे बारीक जीव, सगळ्यांना परवडत नाही. मुंबईहून ताजा माल येतो त्या दिवशी मासळीवालीकडून ओला जवळा घ्या, धुऊन छोट्या पुड्या करा, दोन-तीन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवून मग वापरा. सुकट नको, तिच्यात वाळू आणि धूळ असते. नराच्या डोक्यामागची पाठ भरून आली, कडेने चिमटलेली दिसेनाशी झाली, की मादी परत.

एप्रिल-मेमधलं गिळणं किंवा थुंकून टाकणं वेगळं. पाणी 30-31 अंशांवर गेलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: 25 अंशांच्या समुद्री पाण्यात लिटरमागे सुमारे 6.7 मिलिग्रॅम, 31 ला 6.1 च्या आसपास, आणि हे समुद्रसपाटीचे आकडे. नाशिक सुमारे 600 मीटरवर, हवेचा दाब कमी, म्हणजे आणखी सातेक टक्के वजा. त्यात माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढलेले, आणि नराचं तोंड अंड्यांनी बुजलेलं. त्याला श्वास तरी घेऊ द्या.

पाणी गार करणारा चिलर महाग आहे, पण इथे आपण मुंबईकरांपेक्षा नशीबवान. आपला उन्हाळा कोरडा. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा लावलेला साधा टेबल फॅन नाशिकमध्ये पाणी तीन-चार अंश सहज उतरवतो. मुंबईच्या दमट हवेत तोच फॅन नुसती हवा हलवतो. बदल्यात पाणी भराभर उडतं आणि मीठ मागे राहतं. काचेवर मार्करची रेघ मारा आणि रोज सकाळ-संध्याकाळ रेघेपर्यंत आरओचं पाणी भरा, मिठाचं नाही. वीस लिटरच्या नर्सरीत हे एक दिवस विसरलात तर खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर 1.025 वरून कुठे गेला ते बघून दचकाल. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की फॅनचा उपयोग संपतो, पण तेव्हा गरजही उरलेली नसते.

मोठ्यांसकट सगळेच एकाएकी

अशा वेळी पिल्लांचा विचार सोडा आणि खोलीत काय फवारलं ते आठवा. डासांची कॉइल, लिक्विडची मशीन, झुरळांचा स्प्रे यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं आणि ते माशांना व आर्टेमियाला अत्यंत विषारी. एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो, म्हणजे आपणच औषध पाजतो. पंप बाहेरच्या बाजूला ठेवून नळी आत आणणं हा सोपा उपाय. मखमलाबाद, गिरणारे बाजूला घर द्राक्षबागेला लागून असेल तर मात्र उलट: फवारणीच्या सकाळी बाहेरचा पंप बंद, खिडक्या बंद, आत पाणी फिरवणारा पॉवरहेड चालू. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असावाच. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर आधी वायफाय लावायचं की टँक, हा वाद तिथेच मिटतो.

मोठा मासा मलूल, काळवंडलेला, खाणं सोडलेला आणि नुकताच दुकानातून आलेला असेल तर या जातीला होणारा इरिडोव्हायरस डोक्यात ठेवा. त्याला औषध नाही. नवी जोडी निदान महिनाभर वेगळ्या टँकमध्ये ठेवल्याशिवाय जुन्यांत मिसळू नका, आणि शक्यतो कुणीतरी टँकमध्येच वाढवलेली पिल्लं घ्या. पाच-सहा छोटी एकत्र घेतली की जोडी ती स्वतः लावतात. जोडी लागल्यावर बाकीच्यांना लगेच बाहेर काढा, नाहीतर ते कोपऱ्यात फाटक्या शेपट्यांनी उभे दिसतील.

महिन्याच्या पुढे गेलेली पिल्लं क्वचित मरतात. तेव्हा आर्टेमियासोबत बारीक कातरलेला जवळा किंवा मायसिस सुरू करा. आधी नवा घास, भूक असताना, आर्टेमिया नंतर. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक सगळी वळतात. जी वळत नाहीत ती लहानखुरीच राहतात आणि मोठी त्यांना टोचतात, म्हणून आकाराप्रमाणे दोन गट करा. विकायची किंवा वाटायची असतील तर ती फ्रोझन खाणं खाताना घेणाऱ्याला दाखवा आणि मगच पिशवीत भरा. त्यांच्याबरोबर केबल टायचं एक टोपणही द्या.